शैलजाबाईंची खालची ओळ

इंदूरच्या सुदामा नगरातल्या शैलजा पुराणिक कॉम्प्युटरशी भांडतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची खिडकी रस्त्यावर उघडणारी आणि आवाज खणखणीत. "अरे, हो म्हटलं ना एकदा! आता काय स्टँप पेपरवर लिहून देऊ?" असं ऐकू आलं की समजावं, बाई कामाला बसल्या.

काम भाषांतराचं. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पाकिटं भरायची यंत्रं तयार होतात. त्यांच्या इंग्रजी माहितीपुस्तिका शैलजाबाई हिंदीत आणि मराठीत आणतात. त्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा पन्नाशी उलटली होती, पण नुसतं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ज्याच्याशी भांडण चाले तो एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं बसवून दिलेला. सुजय नाशिकचा, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. "काकू, यात आपल्याला हवं ते बदलता येतं," एवढं सांगून तो मोकळा झाला. पाहायला गेलं तर साधी खिडकी, आणि तळाशी एकच ओळ. एडिटरला हुकूम द्यायचा तो त्या ओळीत, फाइलचं नाव सांगायचं ते त्या ओळीत, आणि त्याला काही विचारायचं असलं की तोही तिथूनच विचारणार. तेही इंग्रजीत.

"सुजय, हा पूरा दिवस मला अंग्रेजीत टोकतो रे. यस की नो, यस की नो. माझ्याच घरात बसून?"

"मग मराठी शिकवा की त्याला," सुजय हसत म्हणाला.

तो थट्टेत बोलला, बाईंनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला चहाला बोलावलं आणि उठूच दिलं नाही. हा एडिटर लिस्प नावाच्या भाषेत चालतो, त्या भाषेत जिकडेतिकडे कंसच कंस, आणि खालच्या ओळीतला प्रश्न म्हणजे त्या कंसांमधलं एक साधं वाक्य, हे सुजयनं उलगडून दाखवलं. वाक्य बदललं की प्रश्न बदलला. त्यानं नमुन्यादाखल लिहिलं, 'आपण बंद करू इच्छिता का?'

"हे काय? मी बँकेत आलेय का?" बाईंनी ते खोडून लिहिलं, 'बंद करू की रुकू?'

"रुकू? काकू, थांबू!"

"तुमच्या नाशकात थांबत असेल. इंदुरात रुकतो."

तेच राहिलं.

मग कारखान्यातून वासुदेव साहेबांचा फोन आला. छपाईचं काम त्यांच्याकडे. "मॅडम, मशीनला झाकण एकच आहे. तुमच्या पुस्तकात तीन झालेत." पाहतात तो खरंच. मराठी पुस्तिकेत सुरुवातीला ढक्कन, मध्ये झाकण, शेवटी कव्हर. बाई ओशाळल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरं काही सुचेना. मग त्यांनी ठरवलं, ही जबाबदारी खालच्या ओळीची.

एक बटण दाबलं की ओळीनं विचारायचं, 'कोणता शब्द?' इंग्रजी शब्दाची दोन-तीन अक्षरं टाकली की ठरलेला मराठी शब्द तिनं पुढे करायचा. ठरलेल्यांपैकी नसेल तो शब्द घ्यायचाच नाही. सुजयनं सुरुवात करून दिली, बाकी बाईंनी चुकत चुकत पुरं केलं. कंसांची त्यांना भीती नव्हती, जन्मभर तेच तर सोडवले होते. चालू झालं त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

आणि मग ओळ त्यांनाच अडवू लागली. 'असा शब्द नाही.'

"नाही म्हणजे? अरे, तुला हे बोलायला शिकवलं कोणी?"

"कोणाशी बोलतेस गं?" स्वयंपाकघरातून त्यांचे यजमान स्वानंदराव विचारत.

"माझ्याशीच!"

दिवाळीनंतर सुजयची पुण्याला बदली झाली. निघताना तो म्हणाला, "काकू, शब्द वाढवत राहा. बाकी कुठे हात लावू नका."

बाई हो म्हणाल्या, आणि आठवड्याच्या आत हात लावला. हिंदी आणि मराठी, दोन्ही कामं एकाच खिडकीत चालत, म्हणून त्यांना वाटलं, ओळ उघडली की तिनं आधी भाषा विचारावी. लिहिलं, बटण दाबलं. 'हिंदी की मराठी?' उत्तर द्यायच्या आत त्यावर आणखी एक 'हिंदी की मराठी?' त्याच्यावर आणखी एक. प्रश्नांचा नुसता ढीग झाला आणि शेवटी एडिटरनं इंग्रजीत हात टेकले. बंद करायला जावं, तर 'बंद करू की रुकू' विचारायलाही तीच ओळ उघडणार, की पुन्हा तोच गोंधळ.

बाईंनी पुण्याला फोन लावला. सुजय नव्या घरात खोकी उघडत होता. "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

बाई वाचू लागल्या. "ओळ उघडली, की विचार, हिंदी की मराठी. आता विचारायचं तर ओळ उघडायची. ओळ उघडली, की विचार..." त्या थबकल्या. "अरे देवा! मी याला गोल गोल फिरवलंय."

पलीकडे सुजय हसत सुटला. "काकू, हे मी ऑफिसात केलंय. सगळ्यांसमोर." मग ओळ न उघडता चूक कशी पुसायची ते त्यानं सांगितलं. पुढचं सांगायला त्यानं तोंड उघडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तू रुक जरा." आणि स्वतःच एक अट घातली. एखादा प्रश्न आधीच उघडा असेल तर भाषा विचारू नकोस. बटण दाबलं. प्रश्न एकदाच आला. बाईंनी खुर्चीतच टाळी वाजवली.

"झालं?" सुजयनं विचारलं.

"झालं! तू खोकी उघड आता."

माहितीपुस्तिका छापून आली. वासुदेव साहेबांचा फोन आला, पण शब्दांबद्दल नव्हे. एक चित्र उलटं छापलं गेलं होतं, आणि ती चूक छापखान्याची. बाईंनी ते दोनदा वदवून घेतलं.

हल्ली रविवारी शाळेतल्या त्यांच्या जुन्या मैत्रीण शालिनीताई हा एडिटर शिकायला येतात. त्या औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शैलजा, हा इथे असं का विचारतो गं?"

"मला काय पता? त्यालाच विचारू." बाईंनी दोन बटणं दाबून तो प्रश्न जिथे लिहिलेला होता ते पान उघडलं. दोघी पुढे वाकून वाचू लागल्या, आणि आत गॅसवरचं दूध खुशाल उतू गेलं.