धाकट्या जावेसाठी केलेली यादी

माझ्याकडे याद्यांची वही असते. बाजार, लग्नकार्य, दवाखाना, कॉलेजच्या ऑफिसातली प्रवेशाच्या दिवसांतली कामं, सगळं एकाच वहीत. वही भरली की ती कपाटात जाते आणि नवी निघते. नात्यात कुणाचं काही निघालं की आधी मला फोन येतो, आणि मला ते आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या वह्यांमध्येच लिहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ बेंबळीहून एसटीनं आली. चहा झाल्यावर म्हणाली, तिला स्त्रीबीज दान करायचंय. दिराला तिनं आधीच सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. तिचं वय एकतीस, मुलगी चार वर्षांची. ही मुलगी लग्नानंतर सहाव्या वर्षी झालेली. मधली वर्षं तिनं दवाखान्यांतून काढली होती.

मी विचारलं, हे कशासाठी?

"बाकड्यावर बसून पाच वर्सं काढली म्या," ती म्हणाली. "त्या बाकड्यावरची एक जरी उठून घरी गेली तर लई बरं वाटंल मला. तेवढं तुम्ही सगळं इचारून ठेवा आक्का. काय काय असतंय ते."

मी चार दिवसांत विचारून ठेवलं. सोलापूरच्या केंद्रात फोन केले, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसले, आणि दोन पानं भरली. ती यादी चांगली झाली होती. आजही कुणी मागितली तर तीच देते. दान आयुष्यात एकदाच करता येतं आणि ते नोंदणी असलेल्या बीज बँकेतूनच करायचं. कुणाला दिलं ते आपल्याला कळत नाही, त्यांनाही आपण कोण ते कळत नाही, आणि होणाऱ्या मुलावर आपला काही हक्क राहत नाही. हे आजच नव्हे, पाच वर्षांनीही मनाला पटेल का, ते आधी बघायचं. रक्ताच्या तपासण्या, आतून सोनोग्राफी. मग दहा-एक दिवस रोज ठरल्या वेळेला पोटावर इंजेक्शन. पोट फुगतं, मन उगाच भरून येतं. उड्या, ओझी, विहिरीवरची कामं बंद. दम लागला, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. बीज काढताना भूल देतात, पोट फाडत नाहीत, सुईनं काढतात. त्या दिवशी उपाशीपोटी जायचं, सोबत आपलं माणूस हवं, येताना एसटी नको. देणाऱ्या बाईचा विमा उतरवतात, त्याचा कागद आपल्याकडे ठेवायचा. सगळं झाल्यावरसुद्धा, अगदी टेबलावर जाईपर्यंत, नाही म्हणता येतं. कुणी जोर केला तर करायचंच नाही.

एक गोष्ट तिला नीट समजेना म्हणून मी चित्र काढून समजावली. दर महिन्याला अंगात बरीच बीजं तयार व्हायला लागतात, त्यातलं एक पिकतं आणि बाकीची आपोआप वाया जातात. इंजेक्शननं ती वाया जाणारी पिकवतात. त्यामुळं तुझ्यातलं काही कमी होत नाही, असं मी सांगितलं आणि वहीतही लिहिलं. त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली.

तपासण्या झाल्या. इंजेक्शनच्या दिवसांत ती माझ्याकडेच राहिली, कारण बेंबळीला दुपारी वीज जायची आणि औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागायचं. रोज संध्याकाळी साडेसहाला मी स्वयंपाकघरात तिला इंजेक्शन द्यायची आणि वहीत खूण करायची. नर्सनं मला एकदाच दाखवलं होतं.

आठव्या दिवशी माझ्या मुलीचं डोहाळजेवण होतं. तारीख आधीच ठरलेली. मी वही उघडली, आणि जुन्या वह्यांमधून नणंदेच्या डोहाळजेवणाचीही काढून ठेवली, कारण सामान तेच लागतं. त्या जुन्या यादीत ओटी भरणाऱ्या पाच सुवासिनींची नावं होती. त्यात धाकट्या जावेचं नाव नव्हतं. तेव्हा तिला मूल नव्हतं, म्हणून तिला मी स्वयंपाकघर दिलं होतं. कुणी मला सांगितलं नव्हतं, सासूबाईसुद्धा काही बोलल्या नव्हत्या. मीच, कुणाला अवघड वाटू नये म्हणून, तिच्या नावापुढं "पुऱ्या" लिहून मोकळी झाले होते.

या वेळी पहिली चार नावं भरभर लिहिली. पाचवं तिचंच यायला हवं होतं. ती आता लेकुरवाळी होती, घरातच होती, गर्भारशीची सख्खी काकू होती. पेन थांबला.

तेव्हा काय वाटलं ते लिहिते, चांगलं दिसत नाही तरी. मला वाटलं, हिच्या अंगात सध्या ते चालू आहे. ही आपल्यातलं काढून देणार आहे. काढून देणाऱ्या बाईच्या हातून माझ्या लेकीची ओटी आज नको. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, लाल रेघ माझ्याच हातची होती. तरी मी पाचवं नाव शेजारच्या बाईंचं लिहिलं. जावेच्या नावापुढं लिहिलं, "आतल्या खोलीत आराम". तिला म्हणाले, तुझं पोट फुगलंय, उभं राहवणार नाही, तू पडून राहा.

ती म्हणाली, "बरं." तिनं त्या दिवसासाठी बेंबळीहून हिरवी साडी आणली होती. सकाळी इस्त्री करून ठेवलेली मी बघितली होती.

ओटी भरताना मुलीनं विचारलं, काकू कुठं? तिला बरं नाही, मी म्हणाले. बायकांच्या आवाजात तो विषय तिथंच संपला. आतल्या खोलीचा दरवाजा मी स्वतः ओढून घेतला होता, गोंगाटाचा त्रास नको म्हणून.

साडेसहापर्यंत पाहुणे गेले होते. मी हात धुऊन सुई तयार केली. ती हिरवी साडी नेसूनच आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. खूण करायला मी वही तिच्यासमोरच उघडली होती. आजच्या कार्यक्रमाचं पान त्याच्या आधीचंच, आणि जुनी वही शेजारी उघडी. मी औषध भरत होते तोवर तिनं दोन्ही वाचलं. ती सावकाश वाचते, बोट फिरवत.

"तवा पुऱ्या होत्या," ती म्हणाली. "आता आराम हाय."

मी म्हणाले, तुला त्रास होत होता म्हणून.

"मला कुटं त्रास होता आक्का? तुम्ही इचारलं कवा?"

याद्या करून झाल्यावर मी सगळ्यांना विचारते, काही राहिलं का. तिला मी तेवढंही विचारलं नव्हतं. तिनं पदर बाजूला घेतला.

"टोचा," ती म्हणाली. "साडेसहा झालं."

मी टोचलं. वहीत खूण केली.

त्यानंतर ती काही कमी-जास्त बोलली नाही. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी दिराकडे निघून जाईल, आणि मग तिची इंजेक्शनं कोण देणार याचीच काळजी मी रात्रभर केली. गेली नाही. बाकीचे दिवस त्याच वेळेला स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची.

बीज काढायच्या दिवशी सोलापूरला मी तिच्यासोबत गेले. दीर खाली गाडीत थांबला. माझ्या पिशवीत कागद, टॉवेल, पाण्याची बाटली, आणि सगळ्यात खाली खण, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि नारळ. हे मी यादीत लिहिलं नव्हतं. काम झालं की तिथंच ओटी भरायची, असं मनाशी ठरवलं होतं. त्यानं झालेलं सगळं पुसून निघेल, असं मला खरंच वाटत होतं.

तिला बाहेर आणलं, पडदा ओढला. तासाभरानं तिची भूल पूर्ण उतरली. पाणी काढायला मी पिशवी उचलली आणि आतला नारळ पलंगाच्या लोखंडावर आपटला.

"नारळ हाय का त्यात?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, "घरी घेऊन जावा. ओटी चार बायकांत भरत्यात. हितं पडद्याआड नको."

येताना गाडीत मी तिच्या शेजारी बसले होते, झोप लागली तर डोकं माझ्या खांद्यावर टेकता यावं म्हणून. तिला झोप लागली. डोकं तिनं खिडकीच्या काचेला टेकवलं होतं.

तिला नंतर काही त्रास झाला नाही. कुणाला दिलं ते कळणार नव्हतं, तसं कळलंही नाही. एकदा बसस्टँडवर तान्ह्या मुलाला घेतलेल्या एका बाईकडे बघून हसली, तेवढंच.

नातीच्या बारशाला मी वहीत पहिलं नाव तिचं लिहिलं. बेंबळीला जाऊन स्वतः बोलावणं केलं. ती आली, सगळ्यांच्या आधी आली. पाळण्यात घालायची वेळ झाली तेव्हा मी तिला हाका मारत स्वयंपाकघरात गेले. ती पोळपाटासमोर बसून पुऱ्या लाटत होती. तिथं तिला कुणी बसवलं नव्हतं. चल, पाळण्याला पहिला हात तुझा, मी म्हणाले.

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुम्ही व्हा म्होरं," ती म्हणाली. "माझं हात पिठाचं हायत."

बाहेर सगळ्या थांबल्या होत्या. मी जाऊन शेजारच्या बाईंना बोलावलं.