वहीतल्या फुल्या

कांबळे सर रोज सकाळी उचगावहून सायकलने पंचगंगेवर येत, बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी पाहून ती वहीत लिहीत आणि मगच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला जात. नोंद हुकली, तर त्या तारखेपुढे लाल फुली असे. "न्हाय बघितलं तर न्हाय बघितलं म्हणून लिवायचं," ते म्हणत. "नदीच्या वतीनं आपण बोलायचं न्हाय."

त्या वह्यांवर त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध उभा राहायचा होता. मी त्यांच्या हाताखालचा नवखा अधिव्याख्याता. त्यांनी मला पद्धत समजावली होती: गेले तीन-चार दिवस पाणी जसे चढले-उतरले, तसेच जुने दिवस शोधायचे आणि त्यांच्या पुढे काय घडले ते पाहायचे. नदी सरळ रेषेत वागत नाही. पण तिच्या चाली कदाचित परत येतात. 'कदाचित' हा शब्द ते कधी गाळत नसत.

विभागातल्या एकुलत्या एका संगणकावर वह्या चढवण्याचे काम माझ्याकडे होते. फुल्यांपाशी प्रोग्राम अडे. विचारायला मी बुजलो आणि अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांमध्ये सरळ रेषा धरून रिकाम्या जागा भरत गेलो. फुल्या बहुतेक पुरातल्या होत्या. तेव्हा पट्टीच बुडे. पुराचे अंदाज सुरेख जुळू लागले. सरांनी पेढे वाटले. प्रबंध बांधणीला जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगितले.

त्यांनी चष्मा पुसला. "किती जागा भरल्यास?"

"सगळ्याच, सर."

ते पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "पेढं चांगलं हुतं की. काढ ते आकडं."

काढले, तसे अंदाज जुळेनासे झाले. परत येत होत्या त्या नदीच्या चाली नव्हत्या, माझ्या रेषा होत्या. प्रबंध कपाटात गेला. शिक्षकांच्या खोलीत कोणी, "काय डॉक्टर, नदी आटली काय?" असे डिवचले, की सर "आटंल की," एवढेच म्हणत. माझे नाव त्यांनी कोणाजवळही काढले नाही. आकडे काढले त्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी ते पट्टीपाशी होते; निवृत्तीनंतरही जात राहिले.

पुढे अर्धांगाने त्यांची सायकल सुटली आणि वही माझ्याकडे आली. ते गेले त्या दिवशी मी पहाटेपासून उचगावला होतो. माणसे येत होती, मी खुर्च्या मांडत होतो. रडू आले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टीपाशी जाऊन आकडा लिहिला. परवाच्या आकड्याएवढाच होता. मधल्या तारखेला काय असेल, हे उघड होते. तिच्यापुढे मी फुली मारली.