तीन पाण्यांनी धुतलेला कोळसा

चिंचपोकळीला आमच्या चाळीमागे, रेल्वेच्या भिंतीलगत, चार खाटा मावतील एवढी जमीन आहे. ओला कचरा गेटबाहेर टाकायचा नाही आणि ही जमीन सगळ्यांनी मिळून सांभाळायची, असं काही बिऱ्हाडांनी ठरवलं तेव्हा मीही उत्साहाने हो म्हटलं. उत्साहाला काय लागतं! आता रविवारी गुडघे कुरकुरतात, आणि खाली उतरणारी माणसं म्हणजे मी आणि पहिल्या मजल्यावरची काकी.

काम तसं सोपं. नारळाच्या करवंट्या आणि सुक्या फांद्या पत्र्याच्या पिंपात पेटवायच्या, राख व्हायच्या आत पाणी मारायचं. उरलेला कोळसा शेणकाल्यात मुरवून मातीत मिसळायचा, म्हणजे माती ओल आणि खत धरून ठेवते. न मुरवता घातला तर तो मातीतलंच खत ओढून घेतो. आमची माती म्हणजे निम्मं डबर, तिला हे औषध हवंच होतं. धुरापायी वरच्या मजल्यांची बोलणी किती खाल्ली, विचारू नका.

यंदा काकीला गणपतीला इथलीच जास्वंद वाहायची होती. गिरणी बंद पडल्यावर तिचा नवरा दिवसभर या जमिनीत खुरपं घेऊन बसायचा. तो गेल्यापासून ती बसते.

गणपतीच्या महिनाभर आधीपासून आमची चाळ घासूनपुसून निघते. मी नेमकी पिंपात कोळसा मुरत ठेवून पुण्याला लेकीकडे गेले होते. परत येऊन बघते तर पिंप लख्ख! काकीने शेणकाला मोरीत ओतला, कोळसा तांदळासारखा धुतला आणि जास्वंदीच्या बुडाशी घातला.

"गणपती येतले आणि दारात ही घाण?" ती म्हणाली. "तीन पाण्यान धुतलंय मी."

मी कपाळावर हात मारला. रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. गणपती येईस्तोवर पानं पिवळी पडली, कळ्या गळल्या. फुलं दादरच्या बाजारातून आली.

विसर्जनानंतर चाळीची मीटिंग झाली. मागच्या जमिनीवर लाद्या बसवा, निदान स्कूटर तरी लागतील, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, दर रविवारी राबणारे दोघे जरी असतील तरी वर्षभर थांबू.

काकीने हात वर केला. बाकी कुणाचा हात वर गेला नाही. खरं सांगते, मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. लाद्या बसल्या की रविवारी दुपारपर्यंत लोळता आलं असतं.

"माझाच चुकला," काकी खालच्या आवाजात म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात मात्र तसाच वर.

मग मीही केला, चिडून. लाद्या बसल्या असत्या, स्कूटर लागल्या असत्या, तरी ही बाई रविवारी खाली जाऊन उभी राहिली असती. मला ते वरून बघवलं नसतं.