पाटीवरचा आकडा

मामा दुकानाचं शटर अर्ध्यावर उचलायचा, वाकून आत शिरायचा आणि दिवा लावायच्या आधी दाराशेजारच्या पाटीवरचा कालचा आकडा ओल्या फडक्याने पुसायचा. मग खडूने त्याहून एक कमी लिहायचा. सव्वीसचे पंचवीस, पंचवीसचे चोवीस. खाली ना शब्द, ना रेघ, नुसता आकडा. तो लिहून झाला की मग शटर पुरतं वर.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्याचं बाइंडिंगचं दुकान होतं. प्रबंध बांधून घ्यायला येणाऱ्या मुलांची त्या आकड्याने गाळण उडायची. एकदा एक मुलगी दारातच थबकली. "काका, अकरा? आम्हाला तर महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय!"

मामा पुठ्ठा कापता कापता म्हणाला, "तुमची मुदत तुम्हाला ठाऊक. ही गॅरेजवाल्यांची आहे."

तिला काय कळलं कोण जाणे, पण चौथ्या दिवशी ती प्रबंध पुरा करून हजर झाली.

गॅरेजवाले हा एक बँड. मामाला इंडी रॉकचं वेड होतं. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, कुणाच्या तळघरात नाहीतर गॅरेजात स्वतःची गाणी स्वतःच रेकॉर्ड करणारी माणसं जगात जिथे कुठे असतील, तिथली खबर त्याला असे. बँडची खरी नावं मात्र तो घेत नसे. त्याने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं होतं. नाकात गाणारा तो सर्दीवाला. आणि सगळ्यांत लाडकी ती 'भावंडं': दोन भाऊ गिटारवर, बहीण ड्रमवर. पाटीवरचा आकडा म्हणजे पुढचा नवा अल्बम यायला उरलेले दिवस.

अल्बम यायचे शुक्रवारी. त्या संध्याकाळी पाच वाजता शटर अर्ध्यावर यायचं आणि आत चौघं बसायची. मामा, वरच्या मजल्यावर दवाखाना असलेली दातांची डॉक्टर, पोस्टात खिडकीवर बसणारा घाई, ज्याचं हे नाव प्रत्येक नवं गाणं सगळ्यांच्या आधी ऐकायच्या सवयीमुळे पडलं होतं, आणि चौथी मी. एम.ए. करायला मामा-मामीकडे राहायला आले, तेव्हापासून.

अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐकायचा. ऐकताना प्रत्येकाच्या पुढ्यात कोऱ्या रजिस्टरांच्या कागदांचा गठ्ठा असे आणि त्याचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, घालायच्या असत. "रिकामे हात उगाच ताल धरतात आणि गाणं बुडवतात," मामा म्हणायचा. संपलं की आधी सर्वांत लहानाने बोलायचं. म्हणजे मी, मग डॉक्टर, मग घाई, आणि अगदी शेवटी मामा. "मोठ्याने आधी तोंड उघडलं की लहानाचे कान मिटतात." त्याचं ते शेवटचं मत ऐकायलाच खरं तर आम्ही यायचो. आम्ही तिघांनी विखरून टाकलेलं तो असं काही एकत्र आणायचा, की घरी जाऊन अल्बम पुन्हा ऐकावासा वाटे.

सहा वर्षं भावंडांचं काही आलं नव्हतं. मग एका दुपारी घाई शटरखालून जवळजवळ घरंगळतच आत आला.

"बातमी आहे! भावंडं येतायत. दहा गाणी. तारीखसुद्धा दिलीय."

मामाच्या हातातलं दाभण थांबलं. "भांडण मिटलं?"

"ते कुणास ठाऊक. पण पहिलं गाणं बाहेर आलंय. लावू?"

"खबरदार. पानावर बसायच्या आधी पातेल्यात बोट घालायचं नाही."

डॉक्टर एका पेशंटला भूल देऊन, ती चढेपर्यंत म्हणून खाली आली होती. "कव्हर तरी दाखवा की."

घाईने फोन पुढे केला. एक खोली आणि तीत एक रिकामी खुर्ची.

"गेलं कुणीतरी बँड सोडून," डॉक्टर म्हणाली.

"खुर्ची रिकामी दिसली की माणूस गेलाच असं कशावरून? पाणी प्यायला उठला असेल," मामा म्हणाला.

"दोन गाणी बहिणीने लिहिलीत म्हणे," घाई म्हणाला.

"दहाही तिनेच लिहायला हवीत. गेल्या खेपेला भावांनी नुसतं पाणी वाढवलं होतं."

"पाणी? गेला अल्बम त्यांचा सर्वोत्तम आहे, बाइंडरसाहेब!"

"तुझा गाल बधिर झालेला दिसतोय. डॉक्टर, वरचा पेशंट सोडा, याला बघा आधी."

त्या दिवशी पाटीवर एक्केचाळीस लिहिलं गेलं. एक्केचाळीस दिवस मामा कसल्याशा आनंदात होता. घरी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या आणि हा शेजारी बसून पेपर वाचत असायचा. मामी आतून ओरडायची, "कुकर बोंबलतोय तो ऐकू येत नाही, आणि सातासमुद्रापलीकडची गिटार बरी ऐकू येते!" आम्ही हसायचो. बायकोचं बोलणं म्हणून सोडून द्यायचो.

तो शुक्रवार आला. दहा गाणी झाली. शेवटची घडी घालून मी बोलायला तोंड उघडणार, तोच घाईने हात वर केला. "आज उलटं. सहा वर्षं वाट बघितलीय तुम्ही. आज पहिलं मत तुमचं."

डॉक्टर म्हणाली, "हो, आज मान तुमचा." मीही म्हणाले, "बोल ना मामा."

त्याने फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते.

"तिसरं गाणं," तो म्हणाला. "पोरीने अख्ख्या गाण्यात थाळ्यांना हात लावलेला नाही. सगळं नुसत्या मोठ्या ड्रमवर तोललंय. सहा वर्षांनी परत यायचं आणि एवढा संयम ठेवायचा! याला छाती लागते."

तिसऱ्या गाण्यात ड्रमवरची ती पितळी थाळी पहिल्या क्षणापासून वाजत होती. बारीक, उंच, जवळजवळ न थांबता. ते गाणं तिच्यावरच उभं होतं.

डॉक्टरने समोरची घडी उलटून पुन्हा सरळ केली. मी माझ्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. मग घाई म्हणाला, "बरोबर आहे. अगदी बरोबर."

एक अल्बम झाला की त्याच संध्याकाळी पाटीवर पुढच्याचा आकडा पडायचा. त्या संध्याकाळी पडला नाही. शनिवारीही नाही. सोमवारी मी पाहिलं, तर पाटी पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

मंगळवारी मामा पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवत होता. पातेल्यातली काठी फिरवत त्याने विचारलं, "घाईने आजवर माझ्या किती गोष्टींना होकार दिला असेल गं?"

मी समोरचे पुठ्ठे सारखे करायला लागले.

"एकाही नाही. अठरा वर्षांत एकाही नाही. मी दिवस आहे म्हटलं तर खिडकी उघडून खात्री करून घेणारा माणूस तो. आणि शुक्रवारी म्हणतो, अगदी बरोबर." काठी थांबली. "काय चुकलं माझं?"

"थाळी होती, मामा. गाणंभर होती."

त्याने गॅस बंद केला. खळीवर धरायला लागलेली साय काठीने बाजूला केली. मग म्हणाला, "बारीक आवाज गेलेत माझे. दोन वर्षं होतील. तुम्ही तिघं आधी बोलायचात ना, त्यावरून मी जुळवत होतो. फर्मे तुमचे, दोरा तेवढा माझा." मग पाटीकडे न बघता म्हणाला, "शुक्रवार बंद करू आता. दुसऱ्याच्या कानांवर मत देण्यात काय अर्थ आहे?"

मला ते शुक्रवार बंद व्हायला नको होते. मी भराभर सांगायला लागले, की ती थाळी म्हणजे पितळेची धूळ उडावी तशी, उन्हात...

"उपमा नकोत. त्या प्रबंधात घाल. कुठे वाजते तेवढं सांग."

कटिंग मशीनखाली पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या पडल्या होत्या. अशाच एका पट्टीवर खुणा करून मामा रजिस्टरांना दाभणाने भोकं पाडायचा, म्हणजे प्रत्येक टाका नेमका पडे. मी पाच पट्ट्या घेतल्या, गाणं लावलं आणि थाळीच्या प्रत्येक ठोक्याला पेन्सिलने एक टिंब दिलं. दोनदा चुकले, दोनदा पुन्हा केलं. पट्ट्या टोकाला टोक लावून टेबलावर मांडल्या.

मामाने गाणं पहिल्यापासून लावलं. त्याचा अंगठा टिंबाटिंबावरून पुढे सरकत गेला. ओठ घट्ट मिटलेले. चौथ्या पट्टीच्या मध्यावर अंगठा अडला.

"इथे खूण नाही."

"इथे ती थांबते. चार ठोके. धाकटा भाऊ एकटा गातो."

त्याने गाणं थोडं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं.

"म्हणजे संयम आहे," तो म्हणाला. "मी फक्त जागा चुकलो."

त्या शुक्रवारी नवा अल्बम नव्हता, तरी त्याने दोघांना बोलावून घेतलं. घाई खाली मान घालून आला.

"काय रे, पोस्टाच्या खिडकीवरही पैसे न मोजताच 'बरोबर' म्हणतोस का?" मामाने विचारलं. "गेल्या शुक्रवारी माझं चुकलेलं दिसत होतं, तर बोलला का नाहीस?"

घाईचे डोळे भरून आले होते. ते लपवायला तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "तुमचं नेहमीच चुकतं! दर वेळी तोंडावर काय सांगायचं?"

"दर वेळी सांगायचं. तेवढ्यासाठीच तर चहा पाजतो."

तेव्हापासून रीत बदलली. पहिलं मत मामाचं आणि मग आम्ही तिघांनी ते यथेच्छ उसवायचं. पट्ट्या करायचं काम माझं. पुढे त्याने कानयंत्र घेतलं. "सगळं ऐकू येतं, गाणं सोडून," अशी त्याची तक्रार. "माझं ऐकू येतंय ना? मग यंत्र चांगलं आहे," मामी म्हणायची.

मला दूरच्या गावी नोकरी लागली. सुट्टीला आले की मी आधी दुकानात जाई आणि परत निघतानाही तिथूनच निघे. आजही कोऱ्या रजिस्टराचा वास आला की पुढे गाणं सुरू होईल असं वाटतं. शेवटचं त्याला भेटले ती एक साधी गुरुवारची सकाळ होती. सर्दीवाल्याचा नवा अल्बम यायचा होता आणि पाटीवर कालचे सोळा तसेच होते, कारण तातडीचं काम आल्याने मामा आल्या आल्या खळीला बसला होता. सर्दीवाल्याने यंदा पियानो घेतलाय ते बरं की वाईट, यावर आम्ही बराच वेळ भांडलो. तो म्हणाला वाईट. मी म्हणाले, ऐकायच्या आधीच? तो म्हणाला, ऐकल्यावर तू उसवणारच आहेस, तोवर मला बोलू दे.

माझ्या गाडीची वेळ झाली. मी पिशवी खांद्याला लावली. खुर्ची बाजूला सारून तो उठला, हात कोपरापासून वर धरून, कशालाही लागू नयेत असे.

"जाता जाता पाटीवरचा आकडा बदल गं. माझे हात खळीचे आहेत."