तिसरा रकाना

आता माझा वेडेपणा माझ्याच तोंडानं सांगायचा म्हणजे... चहा ओता आधी, मग सांगते!

मी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती आणि सगळं मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, एका शेऱ्यावर अडलं होतं. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून मी आठवीला इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करायला लावले. पण पाठ होतायत होय? सकाळी घोकलेलं डबा खाईपर्यंत गायब!

मग मी माझीच एक जुनी शक्कल बाहेर काढली. वहीत तीन रकाने. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात त्या शब्दाला शोभेल असं ओळखीचं माणूस. माणूस डोळ्यांपुढे आलं की शब्द विसरेलच कसा! पोरं अशी रंगली म्हणून सांगू, आठवड्यात चाळीस शब्द तोंडपाठ. मी इतकी खूश, की पालकसभेला सगळ्या वह्या बाकांवर उघड्या मांडल्या. हो, मीच! स्वतःच्या हातानं!

वळसंगहून एका मुलाचे आईवडील आले होते. वडील कौतुकानं वही वाचायला लागले.

"ग्लटन. खादाड. आमचे बाबा." ते थांबले. "बाई, हे काय वो?"

"पोरगं खरं लिवलंय की!" त्यांची बायको म्हणाली. "सकाळी सा भाकऱ्या कुणी हाणल्या?"

"तुझं बी हाय हितं! क्वॉरलसम. भांडखोर. आई!"

"मी भांडखोर? मी?" आणि तिनं असं तोंड सोडलं, की पोरानं लिहिलेल्यावर शिक्कामोर्तबच झालं.

तोवर इतर बाकांवरही पेटलं. कुणाची आत्या 'बडबडी', कुणाचे काका 'आळशी'. मी "अहो, मनावर घेऊ नका" म्हणत फिरतेय, तेवढ्यात दारात मोठ्या बाई!

"काय चाललंय?"

"बाई, नुसती पद्धत आहे हो! मीसुद्धा असंच पाठ करते, ही बघा माझी वही!"

वही त्यांच्या हातात दिली आणि मग मला आठवलं.

त्यांनी मोठ्यानं वाचलं, "टायरंट. जुलमी सत्ताधीश. मोठ्या बाई."

भांडणारं जोडपंसुद्धा भांडण सोडून माझ्याकडे बघायला लागलं. गेली नोकरी, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाईंनी शांतपणे विचारलं, "कधी शिकलात हा शब्द?"

"दोन वर्षं झाली, बाई."

"विसरला नाहीत?"

"नाही, बाई. रोजच आठवतो."

बोलून गेले! पालक खो खो हसले. बाईंनी कसेबसे ओठ दाबले आणि म्हणाल्या, "म्हणजे पद्धत चांगली आहे."

झाले हो मी कायम! शेरासुद्धा झकास दिला. वर पुढच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना बोलावून ती पद्धत बाईंनी स्वतः शिकवली. फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात 'इम्प्रूडंट', दुसऱ्यात 'मागचापुढचा विचार न करणारी' आणि तिसऱ्यात माझं नाव, आडनावासकट!

आमच्या स्टाफचं इंग्रजी तसं यथातथाच. पण हा एक शब्द आता शिपाईमामांनाही अर्थासकट येतो.