माझा मुरगळलेला हात

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. अक्षर मोत्यासारखं हवं, हा तर घरचा कुळाचारच. अशा घरात मी जन्मले. धडा एकदा ऐकला की मला पाठ व्हायचा, पण लिहायला बसले की अक्षरं जागा सोडायची. मग रोज शुद्धलेखन, दुधातून ब्राह्मीची पूड आणि काकांचं एकच पालुपद: आळशी!

दहावीच्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी मला तपासलं आणि सांगितलं, हा आळस नाही, डिस्लेक्सिया आहे. सरकार तो अपंगत्वात धरतं. बोर्डाच्या परीक्षेला जास्त वेळ मिळेल, लेखनिकही घेता येईल. मला तिथंच रडू आलं. आईलाही आलं, पण वेगळ्या कारणानं. "अपंगाचा शिक्का बसला तर हिला स्थळ कोण आणणार?"

लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे गल्लीत विचारणं आलं. शेजारी नववीतली एक मुलगी होती, सुरेख अक्षराची. आईनं माझ्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि तिच्या आईला सांगितलं, हात मुरगळलाय. त्या भल्या बाईनं लगेच होकार दिला.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहर वाळूजच्या दिशेनं पसरत चाललेलं; आमच्या नव्या वसाहतीत नळ होते, पाणी नव्हतं. टँकर आला की अख्खी गल्ली धावायची. मी मात्र पट्टी बांधून पायरीवर महाराणीसारखी बसलेली, आणि आई कंबर धरून हंडे वाहतेय. एक दिवस तिचा पाय घसरला आणि भरलेला हंडा सांडला. माझं डोकंच फिरलं. पट्टी सोडून फेकली, हंडा पुन्हा भरला आणि उचलला.

सगळ्या बायका बघत राहिल्या.

"हात धडधाकट आहे," मी म्हणाले. "मला डिस्लेक्सिया आहे. येतं सगळं, कागदावर उतरत नाही."

आईनं मान खाली घातली. मला वाटलं, गेला लेखनिक!

त्या मुलीची आई कळशी खाली ठेवून पुढं आली. "आगं, मुरगळलेला हात परीक्षेपरंत बरा झाला असता. ह्ये तर नाय ना होनार? मंग तर माझी पोरगी येनारच की!"

आई तिथंच, सगळ्यांसमोर रडली.

पहिल्या पेपरला मी सांगत गेले, ती लिहीत गेली. वेळ संपल्यावर तिनं उत्तरपत्रिका माझ्यापुढं सरकवली. पानंच्या पानं भरली होती. मला एवढं येतं, हे तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. मीसुद्धा.