बसंतीबाईची मूठ

"सरता मी धरीन. पन पह्यले ज्वारीचं बोल!" शेताच्या धुऱ्यावर बसलेली बसंतीबाई उठेचना.

"याडी, बैल जुपून हायेत. ओल चालली," तिचा पोरगा बादल तिफणीजवळून ओरडला.

"जाऊ दे. मी तं कुठी नाई चालली."

राळेगावकडच्या या तांड्यात सरता धरावा तो बसंतीबाईनंच. तिफणीमागं दोरीनं बांधलेली ती पोकळ नळी. तिफणीतून सोयाबीन पेरताना मागून तिच्यात मुठीनं तुरीचे दाणे सोडत चालायचं. तिचं तास, म्हणजे पेरलेली ओळ, कधी तुटक उगवलं नाही. त्या मुठीचा तिला तोरा होता, आणि उन्हाळ्यात तीच मूठ दगा देऊन गेली. हातातली बशी सुटली, तोंड वाकडं झालं. घडीभरानं सगळं जागेवर आलं. पण तिनं धसका घेतला; नवरा धावजी लकव्यानं बाजेवर पडला होता, तेव्हाचं सारं तिनंच निस्तरलं होतं.

दवाखान्यातल्या रुपाली सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि विचारलं, "खाता काय तुमी, मावशी?"

"राशनचा भात. अन् पोराले मटन लागते, तं मटन."

मग सिस्टरनं समजावलं. आतड्यात बारीक जंतू राहतात. ज्वारीचा, डाळीचा चोथा हे त्यांचं खाणं. तो खाऊन ते जे आम्ल सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या नरम राहायला मदत होते. मटणाचा मारा केला की जंतू दुसरंच काही सोडतात. यकृतात त्याचं असं काही बनतं की वाहिन्या कडक होतात, आतून चोंदतात. गोळी मात्र सोडायची नाही.

बसंतीबाईला झटकन पटलं. सरता चोंदला की तास रिकामं जातं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. म्हणून यंदा तिला सोयाबीनच्या शेतात ज्वारीची तासं हवी होती.

"जंतूयसाठी कोन पेरते, याडी? ज्वारी रानडुकरं खातीन."

"मचानावर डबा बडवत बसीन मी."

"बजारातून आनतो ना!"

"चार दिवस आनशीन, मंग हायेच भात. माह्या पोटात अख्खा तांडा बसला हाय, त्याले रोज भाकर लागते. अन् बैलायले कडबा काय तुहं सोयाबीन देते?"

बादल बायकोवर खेकसला, "बबिता, तू धर वं सरता!"

"मागल्या साली म्या धरला, तं निमं तास खाली गेलं. तुमीच बोंबलले."

"किती तास पायजे, याडी?"

"बांधाकडचे चार."

"दोन."

"चार. अन् मटन होळी-दिवाळीले."

"बुढीची दादागिरी पाय!"

"माही मूठ गेली ना, तं बसजो मंग माह्यं गू-मूत काढत. तवा मी काई बोलनार नाई."

बापाची बाज बादलनंही पाहिली होती.

"बी कुठी हाय?"

"ओटीत बांधून आनलं. तू नाई म्हनशीन, ठाऊक होतं मले."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, सरता धरला, मूठ भरली.

"हाक आता. ओल चालली म्हनत होता ना?"